माळावर संपणारी रेघ

मी भोरमध्ये घरी बसून मोबाईलच्या नकाशात रस्ते भरते. लोकांच्या मोबाईलचे माग एकाच वाटेवर रोज दिसले, की तिथं रस्ता धरायचा. वेल्ह्याच्या डोंगरात अशी एक ठळक रेघ उघड्या माळावर जाऊन संपत होती. पुढं ना घर, ना गाव. वैतागले, आणि एकदा बघूच म्हणून गेले. पायथ्याशी कळलं, रेघ संपते तिथली वस्ती काही वर्षांपूर्वी दरडीखाली गाडली गेलेली. वाचलेले कधीच खाली राहायला आलेले. मग रोज वर जातं कोण?

“म्हशी,” पायथ्याची म्हातारी म्हणाली. “सांज झाली की जुन्या गोठ्याकडं निघत्यात. ल्योक वळवाय जातो, खिशात मोबाईल.”

मी तिला रेघ दाखवली. तिनं रेघेच्या टोकाशी बोट टेकवलं.

“वाट दावलीस पोरी. मंग आमची घरं का न्हाई दावलीस?”