उंच गल्ली, बुटके दार

आमच्या वस्तीतील गल्ली काँक्रीटची होणार, हे कळले तेव्हा सर्वांत जास्त आनंद आईला झाला. कारण थोरल्या ताईचे लग्न त्या गल्लीतच अडकले होते. पाहुणे द्वारका सर्कलपर्यंत उत्साहाने येत. पुढे गटाराचे पाणी आणि त्यात पाय ठेवण्यासाठी मांडलेल्या विटा दिसल्या की त्यांना काहीतरी तातडीचे काम आठवे.

नव्वदीच्या अखेरीस गल्ली झाली. गटार झाकले गेले, पण रस्ता वर आला आणि घर आपोआप खाली गेले. वडील गवंडी. "माझ्या घरात पाणी शिरेल?" असे म्हणून त्यांनी घरातील जमीन दीड फूट उचलली. चौकट आणि पत्रे होते तेथेच राहिले. वडील मुळात ठेंगणे असल्यामुळे त्यांना काम निर्दोष वाटले.

अशात सटाण्याहून निरोप आला : उद्या मुलगी पाहायला येतो. मुलाचे वडील सहा फूट उंच आहेत, हेही कळले. चौकट बदलायला अवधी नव्हता, म्हणून धाकटी या नात्याने मला दारात उभे करण्यात आले. येणाऱ्याला "वाका" एवढेच म्हणायचे होते.

मी तेव्हा कॉलेजात होते. तरी वडीलधाऱ्या माणसाला वाकायला सांगणे मला उद्धटपणाचे वाटले. आधी "कृपया" लावावे की "जरा", हे ठरेपर्यंत नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि मुलाचे वडील कपाळ धरून वाकले.

वडील "अरेरे" करीत धावले. आईने डोळेच मिटले. मुलाच्या आई मात्र तोंडाला पदर लावून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तीस वरीस व्हयनात, यासनी मान वाकताना मी देखी नई. आज वाकनी!"

आतून ताईचे हसू फुटले. दाखवायच्या मुलीने असे हसायचे नसते. पण ते थांबेना.

"हाई हासनारी पोर कोन शे?" पाहुण्यांनी टेंगूळ चोळत विचारले.

"तीच... दाखवायची," मी म्हणाले. त्या दिवशीचा माझा तो पहिला शब्द.

मागून येणाऱ्या मुलाने शहाणपणाने आधीच मान खाली घातली होती. ती होकारार्थी हलली.

"मंग ठरनं," पाहुणे म्हणाले. "पन लगीनना आधी दार वर ल्या."

वडिलांनी पत्रे आणि चौकट दोन्ही उचलली. आता त्या दारातून उंटही सहज जाईल. आमचे व्याही मात्र अजून वाकूनच येतात. मी दारात उभी असले तर जरा जास्तच.