बँडवाल्याचा गरम कोट

कैरीच्या पन्ह्याचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी माझी वरात मांडवाशी थांबली होती. वऱ्हाडी सावलीत पन्हं पीत होते आणि जाड लोकरी कोटातला बँडवाला उन्हात क्लॅरिनेट वाजवत होता. “काकाजी, कोट काढू द्या, डोकं गरगरून राहिलं,” तो माझ्या काकांना म्हणाला. “नागपूरचा ना गा तू? उन्हाले काहून भेतं? फोटो बिघडतीन आमचे!” काका हसले. पुढच्याच गाण्याला तो कोसळला आणि संध्याकाळी गेला. दारू प्यायला होता, असं आमच्या घरात सांगायची पद्धत पडली. काल पुतण्यानंही तेच सांगितलं, तेव्हा मी जेवणावरून उठलो. तो बँडवाला शुद्धीत होता. घोड्यावरच्या माझ्याकडे बघून त्यानं पाणी मागितलं होतं, आणि मी कॅमेऱ्याकडे बघत बसलो.