वैजनाथरावांचा उजवा पाय

वैजनाथराव केंद्रे यांना एकाच गोष्टीचा गर्व होता: आपल्या कानाचा. पिंपरीच्या एका इंजिन कारखान्यात, चाचणी विभागात, त्यांनी एकतीस वर्षं काढली. इंजिन सुरू करायचं, ऐकायचं, पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. दिवसाला बावीस इंजिनं. नवा कामगार उगाच स्क्रूशी चाळा करू लागला की ते म्हणत, "आधी हात खिशात. मग ऐक." निवृत्तीनंतर हे वाक्य त्यांनी एकदा फोडणी करणाऱ्या इंदुबाईंना ऐकवलं. इंदुबाईंनी उलथनं त्यांच्या हातात दिलं आणि त्या बाल्कनीत जाऊन बसल्या. त्या दिवशीची आमटी करपली. आपलं वाक्य चुकीचं नव्हतं, असं वैजनाथरावांचं अजूनही मत आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी करडी मोटार घेतली होती. मुलगी उत्कर्षा हिंजवडीत परदेशी गाड्यांच्या इंजिनांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. २००९ च्या दिवाळीत बापलेकीनं मिळून त्या गाडीचा कार्ब्युरेटर काढला आणि त्या जागी पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर आणि एक छोटा संगणक बसवला. जोडणीचं काम वैजनाथरावांचं. नऊ दिवस लागले. एकही नट दुसऱ्यांदा आवळावा लागला नाही, हे त्यांनी कोथरूडच्या आपल्या सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा.

संगणकात एक तक्ता होता. सोळा ओळी, सोळा रकाने. इंजिन किती वेगानं फिरतंय आणि त्यावर भार किती, यावरून त्यातलं एक घर ठरायचं, आणि त्या घरातल्या आकड्याप्रमाणे पेट्रोल मिळायचं.

"म्हणजे दोनशे छप्पन्न स्क्रू," वैजनाथराव म्हणाले.

"बरोबर," उत्कर्षा म्हणाली. "फक्त ते आपण पिळायचे नाहीत. तुम्ही रोज गाडी चालवा. सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर पेट्रोल जास्त होतंय की कमी ते सांगेल. लॅपटॉप सगळं नोंदवेल. रोज संध्याकाळी प्रोग्राम त्या नोंदींवरून आकडे दुरुस्त करेल."

"आणि मी ऐकायचं कधी?"

"ऐका की बाबा. कोण नको म्हणतंय?"

रोज सकाळी सहाला ते निघू लागले. कोथरूड डेपो, चांदणी चौकाचा चढ, वळून परत. शेजारच्या सीटवर लॅपटॉप, पट्टा लावून. मोकळ्या रस्त्यावर गाडी दिवसेंदिवस सुधारत गेली. पण उभी गाडी निघताना आचके द्यायची. तिसऱ्या दिवशी थोडी, आठव्या दिवशी जास्त, बाराव्या दिवशी बंद पडायला लागली.

"वैजनाथराव, गाडी चालवताय की समजूत काढताय तिची?" तळमजल्यावरच्या माधवरावांनी विचारलं. माधवराव मूळचे सदाशिव पेठेतले. ते उत्तरासाठी थांबले नाहीत.

चौदाव्या दिवशी गाडीत इंदुबाई होत्या. चढाच्या तोंडाशी सिग्नल सुटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्न. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. इंदुबाई पिशवी घेऊन उतरल्या, रिक्षात बसल्या आणि रिक्षातूनच म्हणाल्या, "येत्या रविवारी बावधनला उल्काकडं जायचंय. मी शेवटचं बसेन तुमच्या त्या गाडीत. चढावर पडली बंद, तर भंगारवाल्याला फोन मीच करते. नंबर लिहून ठेवलाय."

उल्का म्हणजे त्यांची धाकटी बहीण. आणि इंदुबाई नंबर लिहून ठेवतात तेव्हा फोन करतात, हा अडतीस वर्षांचा अनुभव होता.

वैजनाथरावांनी दोष संगणकाला दिला. यंत्राला कान नसतो. इंजिन पेट्रोलवाचून तडफडतंय हे आपल्याला स्वच्छ ऐकू येतं, आणि हा शहाणा रोज त्याच घरांतले आकडे आणखी कमी करतो! त्यांचं ऐकणं बरोबर होतं. इंजिन खरंच उपाशी होतं.

शनिवारी दुपारी उत्कर्षानं सतरा दिवसांच्या नोंदी जेवणाच्या टेबलावर उघडल्या. पडद्यावर रंगीत रेघा. तिनं त्यातल्या एकीवर बोट ठेवलं.

"बाबा, ही लाल रेघ बघा."

"काय आहे ती?"

"तुमचा पाय."

लाल रेघ सपाट होती. सिग्नल सुटायच्या आधी तिला दोन टोकं. ठक, ठक. मग गाडी निघालेली. पुढच्या सिग्नलला पुन्हा ठक, ठक.

"खड्डा असेल," वैजनाथराव म्हणाले. "पाय हलतो खड्ड्यात."

"बाबा, गाडी उभी आहे."

त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांना आठवलं. कार्ब्युरेटरच्या गाडीत निघण्याआधी ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, म्हणजे पेट्रोलची पिचकारी आत जाते आणि इंजिन अडखळत नाही. सगळे जुने लोक करत. त्यांनी स्वतःच कितीतरी जणांना शिकवलं होतं.

कार्ब्युरेटर गेला होता. पाय राहिला होता.

"तुम्ही दाबलं की संगणकाला वाटतं, निघायचंय. तो पेट्रोल ओततो. गाडी तर उभीच. सेन्सर म्हणतो, फार झालं. प्रोग्राम त्या घरातला आकडा कमी करतो. दुसऱ्या दिवशी गाडी निघताना अडखळते..."

"म्हणून मी जोरात दाबतो," वैजनाथराव म्हणाले.

"हो."

"किती वेळा?"

तिनं मोजलं. सतरा दिवसांत चारशे बारा वेळा.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "पेडल झटक्यानं हलतं तेवढ्या नोंदी वगळायच्या असतात. मी नाही वगळल्या. मला वाटलं, चाचणी विभागाचा माणूस चालवतोय, पाय स्थिर असणारच."

ती हे प्रामाणिकपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

तिनं तेवढ्या नोंदी गाळून आकडे पुन्हा काढले. तक्ता अर्ध्या तासात सुधारला. पाय सुधारायला वैजनाथराव पार्किंगमध्ये गेले. सुरू करायची, थांबायचं, एकदाच हळू दाबायचं, दोन हात पुढं, दोन हात मागं. साठ वेळा. बेचाळिसाव्या वेळी माधवराव कुत्रा घेऊन आले.

"आज मुक्काम कुठं म्हणायचा?"

"पार्किंगातच," वैजनाथराव म्हणाले. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

रविवारी इंदुबाई पुढं बसल्या, उत्कर्षा मागं. चढाच्या तोंडाशी नेमका सिग्नल लागला. वैजनाथरावांचा उजवा पाय शिवशिवला. पुढच्या गाडीचे लाल दिवे विझले. पाय उचलला गेला.

"बाबा," मागून आवाज आला, "पाय खिशात."

त्यांनी पाय जागेवर ठेवला. मग एकदाच दाबला, लोण्यात बोट घालावं तसा. गाडी निघाली. आचका नाही, धाप नाही. चढ संपला, चांदणी चौक मागं पडला. इंदुबाई उल्काच्या नव्या पडद्यांबद्दल बोलत होत्या, त्यांचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

बावधनला उतरताना त्यांच्या लक्षात आलं. "आज पडली नाही वाटतं बंद? काय बिघडलं होतं?"

उत्कर्षा खिडकीबाहेर बघू लागली.

"पाय," वैजनाथराव म्हणाले आणि सगळं सांगितलं. चारशे बारासकट.

इंदुबाईंनी नीट ऐकून घेतलं. "मग सतरा दिवस काय करत होतात तुम्ही?"

"ऐकत होतो."

इंदुबाईंनी पर्स उघडली, भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद पाहिला आणि घडी घालून परत आत ठेवला.

"आता कशाला तो?" वैजनाथरावांनी विचारलं. "गाडी तर नीट झाली."

"गाडीसाठी कोण म्हणतंय?" इंदुबाई म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या.