कोरड्या ठाक जमिनीतलं भात

पौलोसचेट्टनने, म्हणजे आमच्या पौलोसदादाने, कुवेतमध्ये सव्वीस वर्षं क्रेन चालवली आणि केरळातल्या आमच्या गावी परत आला तो दुमजली घराचा नकाशा घेऊनच. वडिलांची वीस सेंट, म्हणजे आठेक गुंठे, जमीन होतीच. पंचायतीत गेल्यावर मात्र कळलं, की सरकारी नोंदीत ती भातशेत आहे. भातशेतात भराव टाकायला बंदी. मग घर कुठलं?

नोंद बदलून घ्यायला तो तडक कृषी अधिकारी श्रीलता मॅडमकडे गेला. "तीस वर्षांत तिथे भाताची काडी उगवली नाही, मॅडम. कोरडी ठाक जमीन! येऊन बघा."

मॅडम आल्या. चेट्टन हातवारे करून कोरडेपणा समजावत होता, तेवढ्यात उंच गवतामागून शेजारचा कुट्टप्पन उभा राहिला. मांडीपर्यंत चिखल, हातात तडफडणारी मरळ.

"चेट्टा, बघा केवढी! तुमच्या शेतासारखी मरळ कुठेच नाही!"

मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं. "कोरड्यातली मरळ शिजायला वेळ लागत असेल, नाही?"

"ते... पावसाचं पाणी साचलंय. पण भात यायचं नाही इथे. पैज!"

"मग पेरून दाखवा. नाही आलं, तर तसा अहवाल लिहिते."

चेट्टन खूश. त्याने मिळेल ते हलकं बियाणं आणलं, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं फेकलं आणि पाठ फिरवली. खत नाही, खुरपणी नाही.

महिन्याभरात शेत हिरवंगार.

"मरतंय का बघून येतो," म्हणत तो रोज जाऊ लागला. मग दिवसातून दोनदा. मग कुणी बघत नाहीसं पाहून तण उपटू लागला. एका सकाळी बदकवाल्याचा कळप शेतात घुसला, तसा चेट्टन कमरेचा मुंडू वर खोचून, छत्री फिरवत, मल्याळम आणि अरबी अशा दोन्ही भाषांत शिव्या देत धावला.

बांधावरून त्याची बायको अन्नक्कुट्टी ओरडली, "अहो इच्चाया, खाऊ देत की! भात गेलं तरच घर होणार ना?"

चेट्टन चिखलात थबकला. "ते खरं गं. पण ह्यांच्या बापाचं आहे का?"

कापणीच्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच चेट्टनने भाताची लोंबी त्यांच्या हातात ठेवली. "लिहा मॅडम. भातशेत."

"आणि घर?"

"बघू."

घर झालं, पण अन्नक्कुट्टीच्या माहेरच्या उंच जागेवर, दोन खोल्यांचं. गृहप्रवेशाला त्याच तांदळाचं जेवण होतं. चेट्टन प्रत्येकाच्या पानाशी जाऊन "भात कसा झालाय?" विचारत होता. कुट्टप्पन म्हणाला, "थोडा मऊ झालाय." पुढे आठवडाभर चेट्टन त्याच्याशी बोलला नाही.