तिचं गोंदण आणि कॅमेऱ्याचे दाणे

आमच्या गावात मेलेल्या माणसाची किंमत फोटोच्या आकारावर ठरते. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो चढतो, त्याला हार घालतात, आणि जेवायला आलेली माणसं आधी फोटोकडं बघतात, मग पत्रावळीकडं. फोटो मोठा असला की म्हणतात, पोरांनी नाव काढलं. आमच्या शेजाऱ्याच्या बापाचा फोटो खिडकीएवढा आहे. हयातीत त्या म्हाताऱ्याची बाज गोठ्याशेजारी टाकलेली होती. आता बैठकीतली अर्धी भिंत त्याची आहे.

माझी बायको गेली तेव्हा मीही ठरवलं, हिचा फोटो त्या म्हाताऱ्यापेक्षा वीतभर तरी मोठा पाहिजे. चौथी शिकलेला माणूस मी, मला दुसरं काय सुचणार? घर एवढं रिकामं झालं होतं की भिंतीवर काहीतरी दांडगं लावल्याशिवाय ते भरायचं नाही असं वाटत होतं.

अडचण अशी की तिचा फोटोच नव्हता. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता, बँडवालासुद्धा अर्ध्यातून निघून गेला होता. इलेक्शन कार्डावर एक फोटो आहे, पण त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. राहिला पोराच्या कॅमेऱ्यातला एकुलता एक फोटो. आणि तो कॅमेरा पसंत केला होता मी.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. पोरगा तेव्हा औरंगाबादला कंपनीत होता. त्याच्या लेकीचं बारसं आमच्याकडं करायचं ठरलं आणि त्याला रीळ न लागणारा कॅमेरा घ्यायचा होता. नांदेडच्या दुकानात मला सोबत घेऊन गेला. दुकानदारानं काचेवर दोन कॅमेरे मांडले.

“हा तीन मेगापिक्सलचा, हा सातचा.”

“म्हंजे काय?” मी विचारलं.

“काका, जितके जास्त तितकं चांगलं.”

तिथंच माझं डोकं सटकलं. मी उभा जन्म बैलबाजार केलेला माणूस. बैल घ्यायचा तर आधी त्याचं तोंड उघडून दात मोजायचे. दोन दाती म्हणजे कोवळा, अजून उमर आहे. चार दाती म्हणजे कामाचा. सगळे दात आले की जुळला, मग त्याची उतरणच. जो व्यापारी म्हणतो जास्त दाताचा बैल चांगला, त्याच्याकडून दावंसुद्धा घेऊ नये.

मी सातचा कॅमेरा उचलला, उलटा केला, खालचं झाकण उघडून आत बघितलं.

“काका, तिथं सेल असतात,” दुकानदार म्हणाला.

पोराला मी बाजूला ओढलं. “सातवाला जुळलेला हाय. कोणाचातरी वापरून झालेला दिसतो. तीनवाला घे, अजून वाढल.”

“आबा, कॅमेरा वाढत न्हाई.”

“तू आजवर किती बैल घेतले?”

पोरानं तीनचा घेतला. माझी मान ताठ झाली. फार दिवसांनी सुनेकडून कळलं की त्याच्या खिशाला तीनचाच झेपत होता, पण दुकानदारासमोर तसं म्हणायची त्याला लाज वाटत होती. माझ्या बैलांमुळं त्याची अब्रू राहिली.

बारशाला पोरानं सगळ्यांचे फोटो काढले. पाळण्याचे, सोयऱ्यांचे, म्हशीचेसुद्धा. आमची मंडळी तेवढी हाती लागेना. “माझं काय काढतो, लेकराचं काढ,” म्हणायची आणि आत पळायची. दिवेलागणीला लाइट गेली, तशी ती रोजच जायची. बायको चुलीपुढं चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती. पोरगं दबकत गेलं आणि त्यानं झगाझगा लाइट मारून फोटो काढला. तिच्या हातातली भाकरी थेट राखेत आणि फोटोत नुसता पांढरा उजेड.

“आरं मुडद्या! डोळे फोडतो का मायचे?”

पोरानं लाइटचं बटन बंद केलं आणि तिचं बोलणं चालू असतानाच दुसरा फोटो काढला. तोच हा फोटो. तोंड उघडं, हात पिठाचा, नजर पोरावर. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा काचेत तिनं तो बघितला. हात पुसून पुन्हा बघितला. “मी अशी दिसते व्हय?” म्हणाली आणि लाजून भाकरीकडं वळली.

पुढं काही वर्षांनी ती तापानं गेली. त्याबद्दल मी लिहीत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मी पोरानं दिलेली बारशाच्या फोटोंची सीडी घेतली आणि हिंगोलीला फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला तिशीतला, गोड बोलणारा, कानाला कायम मोबाईल. त्यानं कॉम्प्युटरवर फोटो लावला.

“केवढा करायचा काका?”

“खिडकीपेक्षा मोठा.”

तो फोटो मोठा करत गेला आणि बायकोच्या तोंडावर दाणे उगवायला लागले. लाल, हिरवे, निळे. कपाळावर, गालावर, मानेवर. मी खुर्चीतून उठलोच.

“हिला देवी आल्या का काय?”

“न्हाई हो काका, हा नॉइज हाय. आमी दाणे म्हणतो. अंधारात कॅमेऱ्याला दिसत न्हाई, मग तो अंदाजानं ठिपके टाकतो.”

“म्हंजे पोरगी न पाहताच गोरी हाय म्हणून सांगणाऱ्या मध्यस्थासारखं.”

“बराबर. त्यात मेगापिक्सल बी कमी. मोठा केला की फोटो फाटून राहिला.”

मी चाचरत विचारलं, “सातचा असता तर?”

“फाटला नसता, पण दाणे आलेच असते. अंधारात सगळे कॅमेरे आंधळे.”

मला जरा बरं वाटलं. बैलांच्या दाताची गोष्ट मी त्याला काही सांगितली नाही.

“तुमी टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला. “मी सगळं साफ करून ठेवतो, आठवड्यानं या.”

गेलो. त्यानं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. त्यात एक बाई उभी होती. तोंड केळीच्या खोडासारखं गुळगुळीत. अंगावर भरजरी हिरवा शालू, गळ्यात बोटाएवढ्या जाडीचा हार. मागं बर्फाचे डोंगर आणि धबधबा.

“ही कोण?”

“तुमच्या मिसेस काका! अंग दुसऱ्या फोटोचं लावलं, तोंड त्यांचंच हाय.”

“आरं, माझी बायको कधी नांदेडच्या पुढं गेली न्हाई, तिला बर्फात काहून उभं केलं? अंगावर शाल बी न्हाई! आन् तोंड मिटलं कसं हिचं? माझ्या हयातीत मिटलेलं न्हाई.”

“ते बी मीच मिटवलं. वर्षश्राद्धाला उघडं तोंड बरं दिसत न्हाई.”

मग माझं लक्ष हनुवटीवर गेलं. गोंदण नव्हतं. कपाळावरचं नव्हतं, हनुवटीवरचं नव्हतं, काहीच नव्हतं.

“हिचं गोंदण कुठं गेलं?”

त्यानं डोळे बारीक करून पडद्याकडं बघितलं. “गोंदण होतं? मला वाटलं दाणेच हाईत. पुसले असतील त्याच्यासोबत.”

आमच्याकडच्या जुन्या बाया म्हणतात, दागिने, लुगडी, घर, समदं इथंच राहतं, बाईसोबत वर जातं ते फक्त गोंदण. बायकोही म्हणायची. तिच्याकडं वर न्यायला तेवढंच होतं, आणि ते या गोडबोल्यानं उंदीर हलवून पुसून टाकलं. कॉम्प्युटरच्या त्या हातातल्या यंत्राला तोच उंदीर म्हणत होता, मी नाही.

“परत टाक,” मी म्हणालो.

“टाकतो की. कुठं कुठं होतं, सांगा.”

कपाळावर एक, हे नक्की. हनुवटीवर तीन, हेही नक्की. गालावर अजून एक होता. पण डाव्या की उजव्या? जन्मभर त्या तोंडासमोर बसून जेवलो, भांडलो, आणि मला गाल आठवेना. मी म्हणालो, “उजवा.” मग म्हणालो, “थांब.” मग डोंगरकडा गावाला मेहुणीला निरोप धाडला.

मेहुणी बायकोची पाठची बहीण. जत्रेत गोंदणारणीकडं दोघी एकाच दिवशी बसल्या होत्या. मेहुणी पहिल्याच टोचणीला पळून गेली, म्हणून तिच्या हनुवटीवर एकच ठिपका आहे. पण बहिणीला टोचताना तिनं झाडाआडून सगळं बघितलं होतं. स्टुडिओत येऊन तिनं पडद्यावरची बाई बघितली.

“दाजी, ही कोण तहसीलदारीण?”

“तुझी बहीण.”

“काय बोलता, लाज वाटू द्या!”

समजावून सांगितल्यावर ती ठासून म्हणाली, “डावा गाल.”

“उजवा,” मी म्हणालो.

“दाजी, मी बहीण हाय तिची.”

“मी नवरा हाय.”

“नवऱ्याला काय कळतंय? तुमचं ध्यान भाकरीत.”

“आन् तू तर झाडामागून बघत होतीस! समोरून बघितलं की डाव्याचा उजवा होतो.”

स्टुडिओवाल्यानं आधी मी सांगितलेल्या गालावर ठिपका दिला, मग तिनं सांगितलेल्या. मग वैतागून दोन्हीकडं दिला. ठिपके असे गोल, काळेभोर की बायको लुडोच्या फाशासारखी दिसायला लागली.

“गोंदण असं गोल नसतंय रे,” मेहुणी ओरडली. “सुईनं टोचलेलं असतंय, हिरवट, फुगलेलं. पूस ते!”

त्यानं पुसलं, पुन्हा टाकलं, पुन्हा पुसलं. मग तिनं फर्मावलं, “पहिला फोटो दाव. हात न लावलेला.”

त्यानं मूळचा फोटो काढला. पडद्याच्या कोपऱ्यात तो पोस्टकार्डाएवढा आला, आणि आम्ही दोघं एकदमच पुढं वाकलो. एवढा लहान झाल्यावर कॅमेऱ्याचे दाणे एकमेकांत मिसळून विरून गेले होते. राहिले ते फक्त तिचे. कपाळावर एक, हनुवटीवर तीन. आणि पाचवा ना डाव्या गालावर ना उजव्या. तो डोळ्याच्या कडेला होता, हसली की सुरकुतीत जाईल असा.

मेहुणीनं पदर तोंडाला लावला. मग पदराआडूनच म्हणाली, “आपून दोघं बी गाढव हावोत दाजी.”

“व्हय,” मी म्हणालो.

स्टुडिओवाल्यानं सवयीनं मोठा करायच्या बटनाकडं हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

“एवढाच छाप.”

“एवढासा? काका, वर्षश्राद्ध हाय. लोकं काय म्हणतील?”

“म्हणू दे. मोठा केला की ती जाती आन् तुझे दाणे येतात.”

वर्षश्राद्धाला तो पोस्टकार्डाएवढा फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. पोरानं नांदेडहून आणलेला हार एवढा मोठा निघाला की घातल्यावर भिंतीवर नुसता झेंडूच दिसत होता, फोटो गायब. शेवटी हार दाराला बांधला आणि चौकटीवर एकच फूल खोवलं. शेजारी येऊन म्हणाला, “अवो, मुंगीचा फोटो लावला का काय?” पण म्हणता म्हणता तो भिंतीजवळ गेला, कारण लांबून काही दिसतच नव्हतं. जवळ गेल्यावर हसला. ज्यानं त्यानं तेच केलं. पत्रावळ सोडून एकेक जण उठायचा, फोटोला नाक लावायचा, “आरं, ही तर वरडून राहिली!” म्हणायचा आणि तिनं आपल्याला कधी, कशापायी झापलं होतं ते सांगायला लागायचा. जेवणं थंड झाली. वाढपी कावले.

दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याला निघायच्या आधी मेहुणी पदरानं चौकट पुसायला लागली.

“काय लोकं हाईत! समद्यांनी नाकं घासून ठेवली काचेवर. हे एवढं मोठं, तेलकट कोणाचं हाय?”

“माझं हाय,” मी म्हणालो. “तेवढं राहू दे.”