मायचा डावा गाल

माझ्या पाठवणीला माय गळ्यात पडून रडली नाही. डाव्या गालावर पदर धरून हातभर लांब उभी राहिली. मांडवातल्या बायांना तेवढंच पाहिजे होतं. "दगडाची हाय बाई," म्हणाल्या. अस्सा राग आला होता मला! त्यांना काय माहीत, त्या गालाला वारा लागला तरी कळ उठायची. घास चावता चावता ती डोळे मिटून थांबायची. धक्का लागेल म्हणून उजव्या बाजूनंही कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. तिचा पापा घेऊन मला वर्षं झाली होती.

उपाय काय कमी केले? गुलमंडीच्या बाजाराजवळ एक दात काढणारा बसायचा. त्यानं दाढेवर खापर फोडलं, दाढ गेली, कळ राहिली. मग शेजारची काढली, मग तिच्या पलीकडची. चांगल्या धडधाकट दाढा हो! मेल्याचा तो चिमटा त्याच्याच तोंडात घालावा असं वाटायचं. हकीमसाहेबांच्या औषधानं झोप तेवढी लागायची. मावशीनं कानामागं बिब्ब्याचा चटका दिला, तर तिथं जखम झाली ती वेगळीच.

शेवटी बाबांनी तिला रेल्वेनं हैदराबादला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हे दाताचं दुखणंच नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. डोकं उघडून नस कापता येते, पण त्यात जिवाला धोका. नाहीतर नसेत स्पिरिटची सुई टोचायची. कळ थांबेल, पण गाल बधिर होईल, आणि कळ परत आली तर सुईही परत घ्यावी लागेल. बाबा विचारात पडले. माय मात्र म्हणाली, "टोचा साहेब. लेक सासरी गेली, तिला जवळसुदिक घेतलं नाय मी."

दिवाळीला मी लासूर स्टेशनच्या सासरहून माहेरी आले, तर माय ओसरीवर बसून मजेत भाकर खात होती. मला बघून हात धुऊन आली.

"ये, आता घे किती पापे घ्यायचे ते," म्हणाली, आणि डोळे मिटून डावा गाल पुढं केला.

मी भीत भीत ओठ टेकवले. ती तशीच डोळे मिटून उभी.

"अगं, घे की! भेतीस कशाला? आता नाय दुखत."

माझे ओठ तिच्या गालाला कळलेच नव्हते. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असा, मोठ्यानं आवाज करून पापा घेतला.

"हां, असा," माय म्हणाली.