थुंकी आणि सँडविच

"कोणी ठेवलं हे इथं? उचला. आधी उचला म्हणतो ना."

अण्णा ओरडत होते. एवढ्या मोठ्यानं, की मैदानापलीकडच्या स्टॉपवरची बससुद्धा बिचकून उभी राहिली असेल. अण्णा म्हणजे लंडनच्या एजवेअरमधल्या आमच्या मराठी क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी, आणि कॅप्टनही तेच. 'हे' म्हणजे माझ्या आईनं केलेली सँडविचेस. काकडी-चटणीची, कडा कापलेली, ओल्या फडक्याखाली झाकलेली.

इंग्लंडात मॅच म्हटली की मधल्या सुट्टीत चहा आलाच. दर रविवारी एकेका घराची पाळी. त्या रविवारी आमची. पण आदल्या आठवड्यात अण्णा मला गाडीनं घरी सोडायला आले होते, आणि हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो त्यांनी पाहिला होता. आईनं दिलेल्या पाण्याला हात न लावता निघाले. मला वाटलं, उशीर होतोय. पंधरा वर्षांचा गाढव मी.

चहाचं बघणाऱ्या बायकांनी ट्रे उचलून बुटांच्या बाकाखाली सरकवला. आई बाजूला उभी राहून ओल्या फडक्याची घडी घालू लागली. आई शाळेच्या किचनमध्ये रोज तीनशे गोऱ्या पोरांना जेवू घालायची. एकही मेलं नव्हतं. गोऱ्या अंपायरनं तेवढं वाकून बाकाखालची अकरा सँडविचेस खाल्ली. बरं, सात. त्या बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं.

मी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. ते आवाज खाली आणून म्हणाले, "तू फक्त बॉल टाक. बाकीच्यात पडू नकोस. काउंटीचा माणूस आलाय. लेटर माझ्या सहीनं जायचंय."

खरं होतं ते. काउंटीच्या ट्रायलला क्लबचं पत्र लागायचं. शाळेची टीम, मग ट्रायल, मग काउंटीची सेकंड इलेव्हन. मी झोपेतही रनअप घ्यायचो. आणि माझा बॉल असा, की एका बॅट्समनला आपण आउट झालोय हे चहा पिताना कळलं.

मैदानात उतरलो. अण्णांनी बॉल फेकला. सवयीनं मी त्याला थुंकी लावली, पँटवर घासू लागलो. एक बाजू चकचकीत ठेवली की बॉल हवेत वळतो. आमच्या टीमचं हे काम माझंच. अण्णा स्लिपमध्ये उभे. तोच बॉल हातात घ्यायचे आणि झेलाच्या तयारीत बोटं चाटायचे. अख्खा उन्हाळा.

हात थांबला.

माझ्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं. त्यांची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. आणि माझी थुंकी हे चाटत होते. कारण ती विकेटी काढत होती. आईचा पाव तेवढा बाटवत होता.

मी स्लिपपर्यंत चालत गेलो. बॉल अण्णांच्या तळहातावर ठेवला. ओला होता.

"अण्णा, आता चाटा बोटं."

बाकाखालचा ट्रे काढला, आईचा हात धरला आणि निघालो. काउंटीचा माणूस वहीत काहीतरी खोडत होता. बसमध्ये आईनं एक सँडविच मला दिलं, एक स्वतः घेतलं.

"मीठ बरोबर आहे ना रे?"

बरोबर होतं.

लेटर अर्थातच गेलं नाही. शाळेतल्या खेळाच्या सरांची चिठ्ठी घेऊन मी गोऱ्यांच्या क्लबांची दारं वाजवत फिरलो. तिथल्या शिव्या वेगळ्या होत्या, एवढाच फरक. तीन वर्षांनी सेकंड इलेव्हनमध्ये आलो.

पहिल्याच मॅचला अण्णा कॅमेरा घेऊन हजर. दिसेल त्याला सांगत होते, "आमचा पोरगा." काउंटीचा एक कारकून पेन घेऊन माझ्याकडे आला.

"ते गृहस्थ म्हणतात, तुला त्यांच्या क्लबनं घडवलं. माहितीपत्रकात तसं छापू का?"

अण्णा लांबून हात हलवत होते.

"नको," मी म्हटलं. "मी तिथं फक्त बॉल टाकायचो."